शंभर पाण्यांचं तूप

माय, सगळ्यात आधी टपकली ती कासारीण. पाहुण्यांची गाडी चुडाव्याच्या ठेसनात लागलीसुद्धा नसेल, तोवर ही दारात बांगड्यांची पेटी उतरवून पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आजीबाई, च्या ठेवाया सांगा. आज मी इकाया न्हाई आले, पावणी म्हणून आले." स्थळ तिनंच आणलेलं, तिला मिरवायचं होतं, मिरवू दे. गावातल्या समद्या बायांचे हात तिला तोंडपाठ. कुणाच्या हातात बांगडी सर्रकन चढते, कुणाचा हात लाकूड झालाय, कुणाची कोणती बोटं आखडलीत, सगळं ती चार गावांत सांगत फिरते. माझ्या नातीचा हात तिनं हातात घेतला, दाबला, उलटा केला नि म्हणाली, "बाई, ह्यो हात हाय का खवा?" सून माझ्याकडं बघून गालात हसली. मी आपली ज्वारी निवडायलेय असं दाखवलं, पण जीव नुसता हरकला होता.

मग पाहुणे आले. मुलाची आई आणि मामा, दोघंच, पिंगळीहून सकाळच्या गाडीनं. मुलगा परभणीला कचेरीत कारकून आहे, उर्दू लिहितो-वाचतो, तिथंच खोली करून राहतो. ती बाई बोलायला गोड पण डोळा कासारणीपेक्षा बारीक. पोरीला चालायला लावलं, केस सोडायला लावले, मग म्हणाली, "पाय दाव गं माय." टाच हातानं चाचपली आणि मला विचारलं, "यंदा एवढी थंडी, न् पोरीची टाच फुटली न्हाई?" मी म्हणाले, "आमच्यात न्हाई फुटत." म्हणाले आणि हळूच माझे पाय लुगड्याखाली ओढून घेतले, कारण माझ्या टाचेच्या भेगांत ज्वारीचा दाणा मावेल. मामा गूळ-शेंगदाणे खात होता, त्याचं कशाकडंच ध्यान नव्हतं. बाईनं मग घरची माहिती दिली. खोली माडीवर आहे. पाणी वर आणून देणारी बाई आहे. "सुनंला जिना उतरायचंबी काम न्हाई. सध्याचे दंग्याधोप्याचे दिवस तुमाला ठावं हायेत. आमी तिला दाराबाहेर काढणार न्हाई, तळहातावरल्या फोडावानी जपू." माझ्या सुनेचे डोळे भरून आले. आणि माय, खोटं कशाला बोलू, मलाही लय आनंद झाला. एवढा की पाहुणे गेल्यावर कुणाला तरी सांगावं वाटलं, आणि ज्याला सांगावं असं तुझ्याशिवाय कुणी आठवलं नाही. तू जाऊन तीस वर्षं होत आली. तुला लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं, मलाही नव्हतं येत. दोन हिवाळ्यांमागं ह्याच नातीनं मला पाटीवर अक्षरं शिकवली, "आजी, ग ची मान मोडू नको" म्हणून वर रागवायची. तिच्याच जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहायलेय, अंगणात उन्हात बसून. अक्षरं मुंग्यांवानी पांगलीत, पण तुला काय फरक पडतो.

यंदाची थंडी म्हणशील तर तुझ्या पाथरीकडं पडायची तशी. सकाळी तुरीच्या शेंगा दवानं वाकलेल्या असतात, लेकरांचे गाल उलून लाल झालेत, हसलं की ओठातून रक्त येतं. मी सगळ्यांच्या बेंबीत करडीचं तेल घालते, तूच घालायचीस, ओठ उलत नाहीत त्यानं. पण नातीचं काम वेगळं होतं. तिच्यासाठी मी काशाचं ताट काढलं. तूप घेतलं, वर पाणी ओतलं आणि तळहातानं फेटत बसले, पाणी गढूळ झालं की ओतून दुसरं. शंभर पाणी घातलं की तुपाचा वास जातो, रंग जातो, ते कापसासारखं पांढरं नि गार होतं. लावलं की उललेलं अंग तीन दिवसांत मिटतं. तुझ्या मरणानंतर मी ते पहिल्यांदा केलं. हात आपोआप चालत होता, तुझाच हात असल्यासारखा. पोरगी वीस दिवस घरात आहे. तिच्या आईनं तिला ना आडावर जाऊ दिलं, ना कापूस वेचणीला, ना राख-भांड्याला. तूप लावून हातावर चिंध्या बांधल्यात, त्यामुळं तिला पाटीसुद्धा धरता येत नाही.

आता तुला ते आठवलंच असेल. मला तर ताटात पहिलं पाणी ओतलं तेव्हाच आठवलं.

मी बारा वर्षांची होते. तू देशमुखाच्या वावरात कापूस वेचायला जायचीस, मी तुझ्या मागं. दव असतं तोवर बोंडाभोवतीची वाळकी पाती मऊ राहते, ऊन चढलं की तिचा चुरा होऊन कापसात मिसळतो, म्हणून अंधार फिटायच्या आत वावरात उभं राहायचं. गार दवानं बोटं बधिर व्हायची आणि बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी घुसायची, ते दुपारी ऊब आल्यावर कळायचं. एकदा देशमुखीण वावरात आली होती, तिनं तुझ्या पदराच्या ओट्यातला कापूस हातात घेऊन बघितला. तू घरी येऊन बापाला म्हणालीस, "कापूस कोणता न् तिचा हात कोणता, वळखू येत न्हवतं." त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात ते बसलं. माझ्याकडं बघून म्हणालीस, "तुजा हात माज्यावानी होऊ द्यायचा न्हाई मला." आणि मला घरात ठेवलंस.

एक महिना, माय. तुला वाटत होतं मी सुखात आहे. सकाळी तू तेल कोमट करून अंगाला चोळायचीस, साय-हळद तोंडाला, काशाच्या वाटीनं तळपाय घासायचीस ते काळं सुटेपर्यंत, टाचेच्या भेगांत मेण आणि राळ वितळवून भरायचीस. मग हाताला तूप, वर चिंध्या, आणि भाकरीचे चार घास स्वतः भरवून तू बाहेरून कडी लावून जायचीस, कारण पोर पळून वेचायला येईल ही तुला भीती. माझ्या वाटणीची वेचणीसुद्धा तूच करत होतीस, ते मला तेव्हा दिसलं नाही. मला दिसायचं धाब्याच्या छतातलं साणं, पत्रावळीएवढं उजेडाचं भोक. त्यातून पडलेला उन्हाचा कवडसा आधी कणगीवर यायचा, मग जात्यावर, मग भिंतीवर चढून जायचा. बाया वावराकडं जाताना त्यांच्या बोलण्याचा आवाज यायचा, परत येतानाचा यायचा. मधे काहीच नाही. नाकावर माशी बसली तरी चिंध्यांच्या हातानं हाकलता यायची नाही. मी कवडशाशी बोलायला लागले होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

मग ते मोठ्या घरचे पाहुणे आले, बैलांच्या दमणीला पडदा लावून. मुलाची आत्या होती. तिनं माझा हात गालाला लावून बघितला. तू दाराआड उभी होतीस, पदर तोंडात धरून. आत्या म्हणाली, "हात लोण्याचा हाय. आमच्यात सुना उंबऱ्याभायेर पाऊल टाकत न्हाईत. आडसुदिक घरातच हाय." तू विचारलंस, "न् म्हायेराला?" ती म्हणाली, "नड पडली तर, दोन-तीन वर्सांनी." आठव्या दिवशी सुपारी फोडायला येतो म्हणून ते गेले आणि तू मला पोटाशी धरलंस, इतकी हसलीस की तुझा उललेला ओठ फुटून रक्त आलं. मी त्या रक्ताकडं बघत होते आणि माझ्या मनात एकच, की हा महिना सरणार नाही. हे साणं, हा कवडसा, आता जन्मभर. पण तुला 'नको' म्हणायचं धाडस मला नव्हतं. नको म्हणायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

आता जे लिहिते ते तुझ्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी तू कडी लावून गेलीस. मी दातांनी चिंध्या सोडल्या. चुलीतली राख घेतली, रांजणातलं गार पाणी, आणि हात घासले. भांडं घासतात तसे, पार मनगटापर्यंत. मग ओले हात दाराच्या फटीशी धरले, तिथून झोंबरं वारं यायचं. सुकले की परत राख. तू यायच्या आधी दातांनीच चिंध्या बांधून ठेवायचे. तिसऱ्या दिवशी कातडं उललं, चौथ्या दिवशी रक्त आलं. तू संध्याकाळी चिंधी सोडायचीस आणि तुझं तोंड उतरायचं. "आज तूप जास्त घालते" म्हणायचीस. मग म्हणालीस, राळेचा हात लागला असेल तुपाला. मग म्हणालीस, ताटच नीट घासलं नव्हतं. तू पुन्हा नवं तूप शंभर पाण्यांनी धुतलंस, दिवसभर वेचून आल्यावर, तुझ्या त्या फाटलेल्या हातांनी, आणि माझ्या चिरांवर लावलंस. मला आग व्हायची, मी रडायचे, तू पण रडायचीस. दुसऱ्या दिवशी तू गेलीस की मी परत राख घ्यायचे.

आठव्या दिवशी आत्यानं चिंधी उचलली आणि हात झटकून मागं सरली. "ह्ये काय हाय? नायटा हाय का अजून काई?" तू म्हणालीस, "न्हाई वो आक्का, थंडीनं झालंय, माज्या औषधानं झालंय, माजीच चूक हाय." तिनं सुपारी परत पिशवीत घातली. दमणी गेली, आणि दमणीच्या पुढं बातमी गेली, की त्यांच्या पोरीला कातडीचा रोग आहे. दोन हिवाळे आपल्या दारात कुणी आलं नाही. आधी गावातल्या बाया लेकरांचे उललेले गाल घेऊन तुझ्याकडं यायच्या, तू बोटभर तूप लावून द्यायचीस, तुझ्या हाताला गुण आहे म्हणायच्या. त्यानंतर कुणी आलं तरी तू द्यायची नाहीस. "माज्या हातानं लेकीचं वाटोळं झालं, तुमच्या लेकराला कशाला लावू," म्हणायचीस. काशाचं ताट भिंतीला टेकून उभं केलंस ते माझ्या लग्नापर्यंत तसंच होतं. स्वतःच्या हातालासुद्धा तू परत ते तूप लावलं नाहीस. तुला शेवटचं न्हाऊ घातलं तेव्हा तुझे तळहात मी बघितले. माय, तुझ्या तुपात काही खोट नव्हती. राळ लागली नव्हती, ताट स्वच्छ होतं. मीच होते. तुला दहा वेळा सांगायला आले आणि दहा वेळा भाकरी खाऊन परत गेले.

मला पुढं चुडाव्याकडं दिलीस. सासू स्वतः वेचणारी होती, माझा हात बघून म्हणाली, "हिवाळ्यात कुणाचं उलत न्हाई गं?" एवढ्यावर लग्न ठरलं. मी वावरात जन्म काढला, पाठ मोडली, हात गेले, पण आकाश डोक्यावर होतं. मी दुःखात राहिले असं समजू नकोस. आणि तरी बघ, नात झाल्यावर माझ्या डोक्यात तेच आलं जे तुझ्या डोक्यात होतं. तिच्या चिंध्यांची गाठ मी स्वतः मारते. माडीवरची खोली, जिना उतरायचं काम नाही, हे त्या बाईनं सांगितलं तेव्हा मी जीव सुखावून मान डोलावली. तुझं मन मला आज कळलं, साठीला आल्यावर. तू मला कोंडत नव्हतीस, तू मला थंडीतून बाहेर काढत होतीस. आणि दोन्ही एकच होतं, हे तुलाही दिसलं नाही, मलाही आजपर्यंत नाही.

आत्ता ती आतून विचारतेय, "आजी, काय लिहायलीस एवढं? मला वाचाया दे की." मी म्हणाले, "तुज्या पणजीला लिहायलेय." ती म्हणाली, "तिला सांग, मला वेचायला सोड म्हणावं, एकच दिवस. हात झाकून जाते." मी म्हणाले, "गप, ऊन उतरलं, तूप लावायचंय."

हे पान मी चुलीत घालणार आहे, वाचणारं कुणी नाही आणि जी वाचू शकते तिला द्यायची माझी छाती होत नाही. खरं सांगायचं तर, 'ते घर तुला पाहिजे का,' हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर ती सांगेल, पोरगी शिकलेली आहे. पाहुणे संक्रांतीनंतरच्या गुरुवारी सुपारी फोडायला येतो म्हणून गेलेत.