आरामखुर्चीची शर्यत

हॉलिनशॉ, लँकेशायर
१२ जून १९३४

आदरणीय हेप्झिबा मावशी,

विल्फ्रेडचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे (तुझ्याहून तीस वर्षांनी धाकटे असून) जिना उतरताना आधी विचार करतात.

लढाईवरून परतल्यापासून पंधरा वर्षं मी अडथळ्यांच्या शर्यती धावतोय. आधी लाकडी ओंडके, मग पाण्याचा खड्डा आणि शेवटी दुसरा नंबर, असं ठरलेलंच. आम्हा हौशी धावपटूंना रोख बक्षीस चालत नाही, म्हणून घड्याळ देतात. घरात सात आहेत, सगळी मागे पडणारी. पण यंदा चॅपलच्या मैदानावर पहिलं बक्षीस होतं हिरवी आरामखुर्ची. म्हटलं, ही शेवटची शर्यत. जिंकायचं आणि बसायचं. मी फार दमलोय गं मावशी.

एकूण आठ फेऱ्या. सहा संपल्या तेव्हा मी पुढे होतो, गिरणीतला तरुण क्लेग बराच मागे. तेवढ्यात घंटा वाजली. घंटा म्हणजे शेवटची फेरी (मोजायचं पंचांनी, धावायचं आम्ही), म्हणून होता नव्हता तो जोर लावून मी धावलो, रेषा ओलांडली आणि गवतावर आडवा झालो. एडना, लग्नापासूनच्या सवयीने, माझा कोट घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "ऊठ विल्फ, अजून एक आहे." उठलो. पण तोवर क्लेग पुढे गेला होता आणि पाण्याच्या खड्ड्यात माझी बसायची हौस गळ्यापर्यंत फिटली. घरात आठवं घड्याळ आलं.

ती घंटा चहाची होती. चहाच्या टेबलापाशी तू वाजवलेली. चहा चारला, शर्यत त्याआधी संपणार, असं ठरलं होतं. पण मी कुणाला दोष देत नाही.

तुझा भाचा,
विल्फ्रेड

ता. क. चहाच्या टेबलावरचं घड्याळ नाताळात मीच तुला दिलेलं. ते वीस मिनिटं पुढे पळतं हे मला तेव्हाच ठाऊक होतं. म्हणून तर दिलं.

ता. क. २. क्लेग म्हणतो, "खुर्ची न्या खुशाल. मला पुढे पळणारं घड्याळ द्या, गिरणीचं फाटक रोज तोंडावर बंद होतं." तेव्हा ते घड्याळ लगेच पाठव, आणि कृपा करून दुरुस्त करू नकोस.

ता. क. ३. खुर्चीत आधी एडना बसणार आहे. पंधरा वर्षं कोट धरून तीही उभीच होती, हे मला गवतावर पडल्यावर दिसलं.