टाचणवहीतला राक्षस

तीर्थरूप मामांच्या सेवेशी,

भाचीचा वाकून नमस्कार. नव्या कवळीची तुम्हाला आता सवय झाली असेल आणि मामींचा खोकलाही उतरला असेल, असं मी धरून चालते. तसं नसेल तर आधी दोघं बरे व्हा आणि मग पुढचं वाचा. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे मी सोडून सगळे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि ज्याच्यामुळे गेली आहे तो माणूस तुमच्याच खात्यातला आहे. (तुम्ही निवृत्त झालात म्हणून खातं काही परकं होत नाही. एकतीस वर्षं तुम्ही शाळा तपासत हिंडलात, तेव्हा थोडी जबाबदारी तुमच्याकडेही येते.)

मी गोष्ट लिहिते हे तुम्हाला ठाऊक आहे. पूल अडवून बसलेला एक राक्षस, पलीकडे जाऊ पाहणारं एक गाव, आणि कुणी कुणाला न मारता हा गुंता सुटायला हवा, एवढीच माझी अट. तुमचे भाचेजावई म्हणतात, शेवटी गाव बुडवून टाक, म्हणजे लोक तुला गंभीरपणे घेतील. (हाच माणूस टीव्हीवर कुत्रा हरवला तरी डोळे पुसतो.) अहो, गाव बुडवायला काय लागतं? एक ओळ! वाचवायला दोन वर्षं लागताहेत, आणि तीही कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मधल्या वेळात. बरं, घरात लिहिलेला कागद टिकेल तर शपथ. थोरलीने पहिल्या प्रकरणाच्या मागे वनस्पतीच्या पेशीची आकृती काढून ती शाळेत जमा केली. धाकट्याने दुसऱ्याची विमानं केली. तिसऱ्याच्या पाठकोऱ्या बाजूवर यांनी गळक्या नळाची तक्रार लिहून ती घरमालकाला नेऊन दिली. घरमालकाने नळ दुरुस्त केला, पण प्रकरण काही परत केलं नाही.

म्हणून मी टाचणवहीत लिहायला लागले. कोणत्या तासाला काय शिकवणार, हे आम्ही मास्तरलोक जिच्यात आधी लिहून ठेवतो ती वही. घरात तिला कुणी हात लावत नाही, कारण ती शाळेची. आणि शाळेत तिला कुणी वाचत नाही, कारण ती टाचणवही. (खरं टाचण माझ्या डोक्यात असतं. अठरा वर्षं तेच धडे आहेत, विसरायचं म्हटलं तरी जमायचं नाही.) सवयीने मी रकानेही पाळत गेले. घटक: राक्षस. उपघटक: राक्षसाचा राग. उद्दिष्ट: रागाचे कारण शोधणे. साहित्य: पूल, कंदील, राक्षस. खाली कृतीच्या रकान्यात गोष्ट. मुख्याध्यापिकाबाई दर शनिवारी तिच्यावर सही करत आल्या. दोन वर्षांत त्यांनी एकदाच शेरा मारला, की साहित्य प्रत्यक्ष वर्गात वापरावे. (त्या आठवड्याचं साहित्य वादळ होतं.)

आणि परवा मंगळवारी, कसलीही सूचना न देता, तपासणीस आले. सातवीच्या तिसऱ्या तासाला मागच्या बाकावर बसले, माझी टाचणवही मागितली आणि वाचली. मामा, वाचली! तुम्ही एकतीस वर्षांत कुणाची टाचणवही वाचलीत का, अगदी खरं सांगा. पानं मोजायची, तारीख बघायची, चहा घ्यायचा, ही रीत सोडून हा गृहस्थ पंधरा मिनिटं पानं उलटत बसला, आणि मी फळ्यापाशी खडू कुस्करत उभी. मग चष्मा पुसून म्हणाले, "आज राक्षसाशी तह आहे ना? घ्या." आणि मी तोंड उघडायच्या आत, "साहित्य कुठाय?"

साहित्य नेमकं व्हरांड्यातून चाललं होतं. आमचे पीटीचे सर, सव्वासहा फूट, गळ्यात शिट्टी. त्यांना हाताला धरून आत ओढलं, दोन बाकांच्या मध्ये उभं केलं, हा पूल आणि हे राक्षस, आता तह करा, असं वर्गाला सांगितलं आणि देवाचं नाव घेतलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "पण तुम्ही चिडलाय कशावर?" आता माणसाने काहीतरी थाप ठोकून द्यावी की नाही? सर खरंच सांगायला लागले. गणिताच्या बाई भाग संपवायचाय म्हणून नऊ वर्षं त्यांचे तास मागून नेतात, मैदान आखलेलं तसंच राहतं, आणि ते एकटेच चेंडूंत हवा भरत बसतात. मग चाळीस पोरांनी आपापसांत खलबत करून तह लिहिला: गणितं घरी जास्तीची सोडवू, पण सरांचा तास सरांचाच. खाली चाळीस सह्या. त्या दिवसापासून गणिताच्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. मुख्याध्यापिकाबाई बोलतात, आणि त्यांनीही बोलू नये असं मला वाटतं. आणि तपासणीसांनी काय केलं? चांगलं नाही, वाईट नाही, अक्षर न बोलता माझी वही पिशवीत घातली आणि चालते झाले. ही काय पद्धत झाली? माणसाने निदान ओरडून तरी जावं!

तेव्हा मी लिहिणं सोडलं आहे. हे कळवण्यासाठीच हे पत्र. घर, शाळा आणि राक्षस हे तीन संसार एका बाईने ओढायचे आणि वर चोरासारखं तोंड लपवायचं, हे मला जमणार नाही. मामींना नमस्कार.

आपली,
संतापलेली भाची

ता. क. लिहिणं सोडलंय हे खरंच आहे, तरीही एक सांगते. हे तपासणीस पूर्वी तुमच्या हाताखाली होते म्हणे. माझ्या नोकरीबद्दल त्यांच्याकडे चकार शब्द काढू नका. फक्त वही मागा. दुसरी प्रत नाही, मामा. ती गेली तर इतकं सगळं पुन्हा लिहायचं बळ माझ्यात नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात शाळेच्या शिपायाने वही आणून दिली. पानापानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे आहेत. पान बावीस: कंदिलात तेल कुठून आले? पान एक्केचाळीस: येथे थांबून पुन्हा वाचले. आणि शेवटी लाल शाईने, कालची तारीख घालून, सहीशिक्क्यासह: वही अपूर्ण आहे. तह झाल्यावर राक्षस स्वतः पूल ओलांडतो की नाही, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत सादर करावा.

मामा, पुढे काय होतं, असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी जिन्यात बसून रडले. आणि आता पंचाईत अशी, की पुढे काय होतं ते मलाही ठाऊक नाही. तेव्हा त्या भल्या माणसाला काही बोलू नका. हे पत्र हाती पडताच या आणि दोन्ही पोरांना आठवडाभर तुमच्याकडे घेऊन जा. यांनाही न्या, खाण्यापिण्याचा त्यांचा फारसा त्रास नसतो. वरचं सगळं फाडून नीट पत्र लिहिणार होते, पण आठातला एक दिवस गेलासुद्धा.