खिशातली गोळी

हौसाताई,
सप्रेम जय भीम.

तुझा उजवा डोळा काचबिंदूने नेला, असं सगळे म्हणतात. तो माझ्या तोंडाने नेला.

भिसेगावच्या सभेत अंगारे-धुपारे देणाऱ्या भगतांवर आसूड ओढून, टाळ्या घेऊन मी खाली उतरलो, तेव्हा तू डोळे तपासणीचा कागद दाखवलास. "काचबिंदूचं भ्या हाय म्हनतात. रातीला झोप नाय लागत, पन झोपेची गोळी इचारल्याबिगर घ्यायची नाय." मी हसलो. "गोळीला भ्यायचं, तर भगताकडंच जा ना गं!" आणि खिशातल्या माझ्या झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटातल्या दोन गोळ्या तुझ्या हातावर ठेवल्या.

"बुधा सांगतो म्हंजी पुस्तकात असंल," तू म्हणालीस.

ताई, मी पुस्तक उघडलंच नव्हतं.

दोन दिवसांत तुला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, उलट्या झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, "एखादी गोळी घेतली होती का?" तू माझ्याकडे पाहून "नाय" म्हणालीस. मी गप्प राहिलो. मी, गप्प!

पण त्या सभेत तुझ्यामागून आणखी एक हात पुढे आला होता. "मलापन त्योच कागद दिलाय, दादा. आता नाय भ्यायची मी." उरलेलं पाकीट मी तिला दिलं. चेहरा पाहिला नाही, लोक हार घालत होते. कडावला जाणाऱ्या तुझ्याच रिक्षात ती पाठमोरी चढताना दिसली. ती कोण, हे फक्त तुला ठाऊक.

तिला थांबवायला तुला विचारायचं तर आधी हे सगळं कबूल करायला हवं, आणि तुझी पत्रं आता तुझी लेक दीक्षा वाचून दाखवते. हजारांपुढे न चाचरणारा मी भाचीच्या आवाजाला भितो. हे पत्र लिहायला घेऊन आज चौथा दिवस. पत्र घडी करून त्याच खिशात ठेवतोय.

तुझा,
बुधाजी