सुनेच्या जगाला आतनं कडी

सोलापूर

चि. ज्ञानूस तुझ्या बजाक्काचा आशीर्वाद. सांगोल्यात टँकर येतो का, डाळिंबं फुटली का आणि तुझा गुडघा वाकतो का, ते कळव. (वाकत नसंल तर बरंच, गुडघ्याचं पुढं काम हाय.) माझी तब्येत ठणठणीत हाय, घरात त्याचाच काय तो त्रास.

ज्ञानू, लई मोठा धक्का बसला बघ. आपली अंकिता, माझी नात, हल्ली पुण्याची नोकरी घरात बसून करती. परवा फोनवर कुणाला तरी सांगत होती, "सगळ्यांना एकत्र ठेवून जमत नाहीये. आता प्रत्येकाला छोटं, वेगळं करून देऊ. आईचं तर झालंसुद्धा, तिला पसंत आहे." तव्यावरची भाकरी करपली माझी! म्हंजे माझी सून महानंदा वेगळी चूल मांडणार, आणि मला हे दाराआडनं कळतंय! मी तांब्याचा हंडा उंबऱ्यात पालथा घातला आणि वर बसले (वाटणी करायची तर आधी मला उचला), आणि महेश्वरला फोन लावला. माझा लेक अक्कलकोट रोडवरनं अर्धा टॉवेल लूमवर तसाच सोडून धापा टाकत आला आणि बायकोला विचारतोय, "अगं, माझं काय चुकलं?" ती कणीक मळतीय, तिला काईच ठावं न्हाय.

अंकिता हसून हसून खाली बसली. "आज्जी, चूल नाही गं, जग!" तिची कंपनी खोटी जगं बनवती. चष्मा लावायचा आणि आत जायचं. आधी म्हणं साऱ्या दुनियेला मिळून एकच जग बांधलं होतं. माणसं आली, हिंडली, कुणी कुणाशी बोललं न्हाय. "दिवाळीत नव्या पेठेतल्या गर्दीत तू गप्पा मारतेस का, आज्जी? दारातल्या कट्ट्यावरच मारतेस ना?" म्हणून आता कट्ट्याएवढी छोटी जगं करायची, ज्याची त्याला. हे मला पटलं. (तिला सांगितलं न्हाय.)

मग मी म्हटलं, दाखव तुझ्या आईचं. घाण्याच्या बैलाला झापड बांधतात तसा तो चष्मा माझ्या डोक्याला बांधला. मला वाटलं महाल असंल, नोकर असतील, निदान मी तरी नसंन. तर काय होतं सांगू? एक खोली, त्यात एक खुर्ची, वाफाळता चहा, आणि दाराला आतनं कडी. संपलं जग! समुद्र मागितला असता तर फुकट मिळत होता, आणि बाईनं कडी मागितली! मी आतनंच वरडले, "महानंदे, हितं करतीस काय तू?"

"काईच न्हाय, आत्याबाई."

"चहा तरी खरा हाय का?"

"न्हाय. पण कुणी मागत न्हाय."

ज्ञानू, लग्न होऊन आल्यापासनं ही बाई बसलेली मला आठवंना. (मी घरात असताना बसंल कशी?) चष्मा काढला तरी ती कडी डोळ्यापुढनं जाईना.

वडिलांना नमस्कार सांगायला ते राहिले न्हाईत, म्हणून तुलाच परत आशीर्वाद.

बजाक्का

ता. क. तुझा गुडघा लई दुखतोय. पत्र मिळाल्याबरोबर महेश्वरला फोन कर, कण्हत बोल, आणि म्हण, बजाक्काला चार-आठ दिवस धाड. मी आधी न्हाय म्हणंन, मग येईन. महानंदाला वाटलं पायजे की तुझ्यापायी गेले.

आणखी ता. क. अंकितानं विचारलं, तुला कसलं जग पाहिजे. म्हटलं, तुझ्या आईचंच दे, दोनच फरक कर. दाराबाहेर मी राखणीला, आणि कडीपण बाहेरनं, माझ्या हातात.