दार लावायला माणूस

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. (नमस्कार उभ्यानेच. वाकलो की गिटार बरगडीत घुसते.)

कंपाउंडरीणबाई, पत्र मिळालं. हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत बसून बसून तुझं अक्षरही डॉक्टरांसारखं झालंय. अर्धं पत्र मी अंदाजाने वाचलं.

एक गंमत सांगतो. गेल्या महिन्यात एका बड्या गायकाच्या कार्यक्रमाआधी अर्धा तास आमच्या बँडला वाजवायला मिळालं. त्याचा थाट काय सांगू! दार उघडायला एक माणूस, दार लावायला दुसरा, पेला धरायला तिसरा. आम्ही चौघांनी मोजले, अकरा भरले. कार्यक्रम संपल्यावर त्याने त्यातल्या एकाला विचारलं, की आज मी कसा गायलो. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता!

टायरच्या दुकानावरच्या आमच्या खोलीत परत आलो आणि एका बैठकीत गाणं लिहून काढलं. ‘मोठा माणूस’ नाव ठेवलंय.

दार उघडायला माणूस, दार लावायला माणूस,
हसायला, रुसायला, घरी पत्र लिहायला माणूस,
चढायला डॉक्टर, उतरायला डॉक्टर...

असं वाढत वाढत जातं. शेवटच्या कडव्यात हा मोठा माणूस स्टेजवर आडवा होतो आणि तेव्हा कळतं की उचलायला माणूस ठेवायचा राहूनच गेला. बेसवाला इतका हसला की त्याला उचकी लागली. एका रेकॉर्ड कंपनीने ते रेकॉर्डही करून घेतलंय. आठवड्याभरात रेडिओवर लागेल. ऐक आणि नावं ठेव.

आईला नमस्कार. लोभ आहेच, जास्त झाला तर डब्यात घालून पाठव.

तुझा,
भोंग्या

—

२५ फेब्रुवारी

चि. भोंग्यास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि बरगडीसाठी मलम वेगळं.

गाणं ऐकलं. एकदा नाही, दिवसातून सहा वेळा. एक्स-रेवाल्याने रेडिओ मुद्दाम माझ्या खिडकीशी आणून ठेवलाय. काल औषधांच्या रांगेतला एक प्लास्टर घातलेला गृहस्थ कुबडीने ठेका धरत होता. माझा भाऊ आहे म्हणून सांगितलं तर म्हणाला, बाई, चेष्टा पुरे, माझा खोकला बघा. असो. गाणं चांगलं आहे. आवाज अजून तसाच आहे, पाळण्यातून चौकापर्यंत पोचणारा. आईने भोंग्या नाव उगाच नाही ठेवलं.

आईला आता अक्षर दिसत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. जेवणाची आबाळ, खोलीची गळती वगैरे तेवढं गाळते. तिने गाणं दोनदा ऐकलं आणि विचारलं, की खरंच घरी पत्र लिहायला माणूस ठेवतात का. मी म्हटलं, अगं ती टिंगल आहे. तर म्हणाली, तोतऱ्याला वेडावू नये, आपणच तोतरे होतो. मी हसले. पण तिने ते पुन्हा म्हटलं, म्हणून तुला लिहिलं.

जेवत जा. लोभ ठेव, आणि ठेवल्याचं अधूनमधून कळवत जा.

ताई

—

२० एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

उशीर झाला, शिव्या मान्य. गाणं कुठल्या कुठे गेलंय. टायरवाल्याच्या दुकानापुढे लोक उभे राहायला लागले म्हणून त्यानेच आम्हाला हात जोडले. आता आम्ही हॉटेलात राहतो.

कंपनीच्या मॅनेजरची एक अफलातून कल्पना. म्हणाला, असं गाणं गाणारा स्कूटरवरून आला तर लोकांचा विरस होतो, त्यांना मोठा माणूस दिसला पाहिजे. म्हणून फोटोपुरता दाराशी एक माणूस उभा केला. फोटो झाला, माणूस राहिला. मग पेला धरायला एक आला. मग हसायला एक. मी विनोद केला की तो हसतो, आणि हसतो छान. पहिला आठवडा आम्ही पोट धरधरून हसलो. काल मी न्हाणीघराच्या दाराशी बराच वेळ उभा होतो. ते मलाच उघडायचं आहे हे लक्षातच आलं नाही. हसलीस की नाही?

गाण्यात आहे म्हणून डॉक्टरसुद्धा आणला. त्याच्या गोळ्या मात्र खऱ्या निघाल्या. कार्यक्रमाआधी पांढरी, मग मी तीन तास नुसता उडतो. नंतर झोप येत नाही, म्हणून पिवळी, दोन घोट दारूबरोबर. तुझ्या खिडकीत असला माल मिळायचा नाही!

टाइप करायला एक वयस्कर सद्गृहस्थ दिलेत. पुढचं पत्र त्यांच्याकडून लिहवून घेईन, म्हणजे तुला निदान वाचता येईल.

लोभ असू दे, मी सध्या तो हॉटेलच्या पत्त्यावर घेतो.

भोंग्या

—

२८ एप्रिल

चि. भोंग्यास आशीर्वाद.

आज चेष्टा नाही. हे पत्र उभ्याने, औषधांच्या कपाटाला टेकून लिहितेय. दोन्ही गोळ्यांवरची नावं मला लगेच कळव. नावं नसली तर त्या टाकून दे. एक काळजाला चाबूक मारते आणि दुसरी त्याचा गळा दाबते. मध्ये दारू. तुला वाटतं आपण चढतो आणि उतरतो. काळीज बिचारं दोन्हीकडून ओढलं जातं, आणि एक दिवस ते कुणालाच ओ देत नाही.

मागच्या वर्षी आमच्याकडे एक ट्रक ड्रायव्हर आणला होता. जागं राहायला एक गोळी, झोपायला दुसरी. तुझ्याच वयाचा. आत आणला तेव्हा तो हसत होता. त्याच्या बहिणीला मी बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. आणखी काही द्यायला माझ्या खिडकीत नव्हतं.

मला त्या बाकावर बसवू नकोस. पिवळी एकदम नाही, कुठल्या तरी खऱ्या डॉक्टरला विचारून कमी कर. तुझ्या हातचं दोन ओळींचं उत्तर पुरे. आईला मी तू मजेत आहेस एवढंच वाचून दाखवलंय.

तुझी ताई

—

१२ मे

ती. ताईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र पावले. वाचून अतिशय आनंद झाला. माझी प्रकृती उत्तम आहे. तू लिहिल्याप्रमाणे सर्व गोळ्या बंद केल्या आहेत, तरी त्याबाबत काळजी नसावी. कार्यक्रमांना उदंड प्रतिसाद लाभत आहे. तुझी प्रकृती कशी आहे? ती. आईच्या प्रकृतीस जपावे. कामाच्या व्यापामुळे दूरध्वनी करणे शक्य होत नाही, याबद्दल क्षमस्व.

लोभ आहे तसाच राहावा, ही विनंती.

तुझा बंधू

—

१९ जुलै

टाइप करणाऱ्या सद्गृहस्थांस,
स. न. वि. वि.

हो, तुम्हालाच. पाकीट तुम्हीच फोडता हे मला कळलंय.

मे महिन्यापासून माझ्या भावाची चार पत्रं आली. चारही नीटनेटकी. त्यांत एकदाही मला शिव्या नाहीत. माझ्या अक्षराला, माझ्या नोकरीला, मी लठ्ठ होत चाललेय त्याला, कशालाच नावं ठेवलेली नाहीत. चौथ्या पत्रात माझी प्रकृती दोनदा विचारली आहे. माझ्या भावाने जन्मात ती एकदा विचारली, तीही मला गालगुंड झाल्यावर, हसण्यासाठी. पहिल्या पत्रालाच मला समजायला हवं होतं. पण त्यात गोळ्या बंद केल्याचं लिहिलं होतं, आणि मला ते इतकं हवं होतं की मी दोन महिने गप्प बसले. एवढी वर्षं दुसऱ्यांना औषधं समजावून देतेय, आणि स्वतः अशी फसले.

काल रेडिओवर त्याची मुलाखत ऐकली. प्रश्न संपल्यावर बऱ्याच वेळाने उत्तर येत होतं. जीभ जड होती. मुलाखत घेणारी बाई हसत होती, तिला तो मोठ्या माणसाची नक्कल करतोय असं वाटलं. असे आवाज मी रोज खिडकीतून ऐकते. मी सात वेळा फोन केला. साहेब तालमीत आहेत, हे सातही वेळा ऐकलं.

माझा तुमच्यावर राग आहे, पण पूर्ण नाही. आईला पत्रं वाचून दाखवताना मीही तेच करते. आता एकच करा. माझं अठ्ठावीस एप्रिलचं पत्र काढा आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवा. एक शब्द गाळू नका.

आपली,
त्याची बहीण

—

८ ऑगस्ट

ती. ताईंस सा. न. वि. वि.

मी वयाने आपल्याहून मोठा आहे, तरी साष्टांगच लिहितो.

आधी महत्त्वाचे. आपले बंधू जिवंत आहेत. हॉस्पिटलात आहेत, काल चमच्याने पेज घेतली.

मी पूर्वी विम्याच्या कचेरीत होतो. इथे मला तीन प्रकारची पत्रे लिहायला सांगितली: चाहत्यांची, वर्तमानपत्रांची आणि घरची. घरच्यांत सगळे ठीक आहे असेच लिहायचे. सुरुवातीला आपल्या बंधूंना विचारायला गेलो, तर म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा, गाण्यातही तसंच आहे. आपले एप्रिलचे पत्र मी दोनदा वाचले. ते घेऊन मी मॅनेजरांकडे गेलो. गोळ्या बंद केल्याचे कळवून टाका, असे त्यांनी सांगितले. मी कळवले. खोटे आहे हे मला ठाऊक होते, याला क्षमा नाही.

आपले दुसरे पत्र दौऱ्यामुळे उशिरा, मागच्या आठवड्यात गुरुवारी आले. शुक्रवारी दुपारी मी पहिले पत्र बंधूंना मोठ्याने वाचून दाखवले. ते काळा चष्मा लावून ऐकत होते. ट्रक ड्रायव्हरपाशी चष्मा काढला. हसायला ठेवलेला माणूस सवयीने हसला, त्याला त्यांनी बाहेर घालवले. पत्र कधी आले होते, असे विचारले. दोन मे, असे मी सांगितले. मग त्यांनी हातातली गोळी परत बाटलीत टाकली. ताई, मी हे डोळ्यांनी पाहिले. त्या संध्याकाळी ते गोळीशिवाय स्टेजवर गेले आणि दुसऱ्या गाण्याला शब्द विसरून आत आले. शनिवारी सकाळी मॅनेजर त्यांच्याशी तासभर बोलत होते. मला आत बोलावले नाही. बंधू बाहेर आले तेव्हा बाटली पुन्हा त्यांच्या हातात होती.

शनिवारच्या कार्यक्रमाला अठरा हजार माणसे होती. शेवटच्या कडव्याला ते रोज आडवे होतात आणि ड्रमच्या आठव्या ठोक्याला उठतात. शनिवारी आठ झाले, सोळा झाले. लोक टाळ्या वाजवू लागले. ड्रमवाल्याला वाटले, काही नवीन ठरले असेल, तो वाजवत राहिला. मला त्यांचा हात दिसत होता. तो निळा पडत चालला होता. मी धावलो. अठ्ठावन्न वर्षांचा, कोट-टायमधला माणूस स्टेजवर धावत आलेला पाहून अख्खे मैदान हसले. उचलायला माणूस आला, उचलायला माणूस आला, असे ओरडू लागले. मी त्यांना उचलत होतो आणि लोक पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, असे म्हणत होते.

इथल्या डॉक्टरांनी सांगितले, की काळीज थोडा वेळ थांबले होते. दुसऱ्यांदा थांबले तर चालू होणार नाही.

मी नोकरी सोडली आहे. आपल्या लोभाला मी पात्र नाही, म्हणून तो मागत नाही.

आपला,
टाइप करणारा

—

१६ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. (आडव्यानेच. खरा साष्टांग पहिल्यांदाच घडतोय.)

कंपाउंडरीणबाई, हे माझ्या हातचं. अक्षर तुझ्याहून वाईट आलंय, आता बोलायची सोय राहिली नाही. म्हातारबुवांनी सगळं लिहिलंय असं त्यांनीच सांगितलं. त्यांना रागावू नकोस. माझी पत्रं मी त्यांच्यावर टाकली. तुला खोटं लिहायचं माझ्या जिवावर आलं होतं, आणि खरं लिहिलं असतं तर तू आली असतीस.

काल मॅनेजर आला होता, वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. गाणं पुन्हा पहिल्या नंबरावर आहे. लोकांना तो शेवट फार आवडला. आता बावीस शहरांत तसाच शेवट हवाय, धावत येणाऱ्या म्हाताऱ्यासकट. बुवा नाही म्हणाले, तर त्यांच्याजागी एक नट ठरवलाय. मॅनेजर म्हणतो, नुसता अभिनय करायचा. ताई, मला अभिनय येत नाही हे तुला माहीत आहे. आणि गोळीशिवाय मला स्टेजवर उभंही राहता येत नाही. शुक्रवारी बघितलं मी. हजारो माणसं नुसती बघत होती आणि मला माझ्याच गाण्याचा शब्द आठवत नव्हता. तितकी भीती मला पडल्यावरसुद्धा वाटली नाही.

पडलो तेव्हा डोळे मिटले होते, पण कान चालू होते. त्या टाळ्या मी ऐकल्या. आयुष्यात कधी तेवढ्या मिळाल्या नव्हत्या. छातीत काहीतरी बंद पडत होतं, आणि मी ताई, खूश होतो. हे कुणालाच सांगितलेलं नाही.

मी हो म्हणालो. सही केली. पहिला कार्यक्रम सत्तावीसला, संध्याकाळी सहा वाजता. हॉस्पिटलातून मॅनेजर मला चोवीसला घेऊन जाईल, डॉक्टरांची परवानगी नसताना.

आईला यातलं काय वाचून दाखवायचं ते तू ठरव.

तू येऊ नकोस. तू समोर येऊन उभी राहिलीस तर मी नाही म्हणेन. आणि मला नाही म्हणायचं नाहीये.

लोभ आहेच. तो सत्तावीस तारखेपर्यंत तिकडेच राहू दे.

तुझा,
भोंग्या