चष्म्याची काडी

अमडापूर, मंगळवार, दिवेलागण

आज मी खोटं बोललो. तेही बायकोच्या, कुसुमच्या देखत.

मेंदूत गेलेल्या त्या तापानंतर तिला आवाज सोसत नाही. ताट पडलं तरी कळवळते. म्हणून सुनेनं, रेखानं, आवाज अडवणारी कानझाकणी आणली आणि मला दाखवलं: आधी आईंचा चष्मा काढायचा, केस मागे घ्यायचे, मग पट्टा आवळायचा. चष्म्याची काडी कानावरच्या गादीखाली आली की फट राहते, आवाज आत शिरतो.

महिनाभर मी चष्मा मुद्दाम राहू दिला. फटीतून माझी संध्याकाळची कविता तिच्या कानी जावी म्हणून. जन्मभर वर्गात म्हटलेल्या त्या कविता, आता ऐकणारं दुसरं कोण आहे? ती मान डोलवायची. मला वर्गच आठवायचा.

दुपारी दारावरून डीजेची वरात गेली. कुसुम किंचाळली, भिंतीवर डोकं आपटू लागली. रेखा धावली.

“बाबा, चष्मा काऊन राहू देला?”

“तीच काढू देत नाही.”

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं, मग रेखाला म्हणाली, “हाव वं, मीच नाही म्हनलं. मले कुठं समजते?”

का वाचवलं तिनं मला? की वाचवलंच नाही?

आत्ता तिनं स्वतःच चष्मा काढून कोनाड्यात ठेवला. काडी नीट मिटली. कानझाकणी चढवून पट्टा दोन खाचा आवळला. म्हणाली, “म्हना आता.”

मी सगळी कडवी म्हटली. थांबलो, कवितांची वही मिटली.

ती अजून मान डोलवत होती.