यादीतलं सातवं नाव

नगर, ४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन कॉलेजच्या चौकशी समितीकडे जमा आहे, म्हणून पत्र. आता त्यांना माझ्या खासगी ईमेलही हव्या आहेत. कारण माझा तो अहवाल. सरकारी शौचालयं कागदावरच बांधली गेली, हे तुमच्या भागातल्या अकरा बायकांनी मला सांगितलं होतं. तुमची नावं कुणाला कळणार नाहीत, असा शब्द मी प्रत्येकीला दिला होता. समिती म्हणते, नावं द्या, नाहीतर निलंबन. सुनावणी अठराला आहे.

नावं माझ्या डायरीत आहेत. नागपंचमीला मी आले तेव्हा ती तुझ्याकडेच राहिली. मी त्या बायकांना जपते आहे की माझा हट्ट, हे रोज स्वतःला विचारते. डायरी तेवढी कपाटात ठेव. वहिनीला नमस्कार. माया असू दे.

तुझी मुक्ता

माळेवाडी, ता. नेवासा
११ ऑगस्ट

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझा हट्ट मला नवा नाही. चौथीत मैत्रिणीने काच फोडली आणि तिचं नाव सांगितलं नाहीस म्हणून छड्या तू खाल्ल्यास. पण अकरा नावांपायी अठरा वर्षांची नोकरी घालवावी, हे पटेना. म्हटलं, यादी उतरून घ्यावी आणि तुझ्या प्राचार्यांना आपणच नेऊन द्यावी. शब्द मोडला तर मी मोडला, तू नाही. म्हणून डायरी उघडली.

सातवं नाव तुझ्या वहिनीचं निघालं. नऊ बायकांना एकाच संडासापुढे उभं करून फोटो काढले, तो संडास आमचा, आणि रांग लावणारा पंचायतीचा मेंबर म्हणजे तिचा नवरा, मीच, हे तिने तुला सांगितलंय. खरंच आहे ते. तरी माझं डोकं फिरलं. ताट सरकवून उठलो. भाजीत मीठ जास्त पडलं का, असं तिने विचारलं.

माझं हे झालं, तर बाकी दहा घरांत काय होईल? यादी देऊ नकोस. डायरी शेजारच्या बजरंगबरोबर पाठवतोय. मी वाचली हे कुणाला सांगू नकोस, वहिनीला तर नाहीच. जिवाला जप.

भागवत

नगर, १९ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. यादी आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. आहे आणि देणार नाही, असं मी म्हणाले. मग विचारलं, आणखी कुणी पाहिली आहे का. नावं फक्त मला माहीत आहेत, असं मी निवेदनात लिहून नेलं होतं. ते वाक्य तिथेच खोडलं. माझ्या निष्काळजीपणामुळे एकाने पाहिली, एवढंच सांगितलं. एक सदस्य हसून म्हणाले, मग बाईंचा शब्द राहिला कुठे? संध्याकाळी निलंबनाचा कागद हातात पडला.

तुझा राग आला आहे. पण खरी नावं लिहून ती वही विसरले मी, म्हणून आधी माझीच चूक. तरीही वहिनीला सांगू नकोस, हे तुझं म्हणणं मला पाळता येणार नाही. तिचं नाव फुटलं आहे, ते तिला कळायला हवं, आणि माझ्याकडूनच.

सोबत तिच्या नावाचं बंद पाकीट आहे. न उघडता दे. आणि ती वाचत असताना समोर बसू नकोस.

मुक्ता